‘ग’च्या खणातले कार्ड

मित्रांनो, मी वाचनालयातली एक जुनी पेटी आहे, पुस्तक शोधायच्या कार्डांची. हल्ली हे सांगावे लागते. परवाच एक बाई मला पाहून म्हणाल्या, “इथं पहिले वैद्यबुवा बसत होते काय?” माझ्या चोवीस लहान खणांत त्यांना मुळ्या आणि चूर्णे असतील असे वाटले. औषधे असती तर बरे झाले असते. माझ्या खणांत शब्द आहेत, आणि आज मी तुम्हाला सांगणार आहे ती माझ्या शौर्याची कथा नाही. मला एक गोष्ट कबूल करायची आहे.

माझा जन्म १९६५ सालचा, जळगाव जामोदचा. सातपुड्यातले सागवान आणून पुंजाजी सुतारांनी मला घडवले. खण ओढला की किरकिर व्हायला नको, असा त्यांचा हट्ट होता. एकेक खण ते पंधरा-वीस वेळा ओढून पाहत आणि कान लावून ऐकत. प्रत्येक खणाला त्यांनी पितळेची कडी लावली आणि तळातून एक सळई घातली. कार्डाला खालच्या बाजूला भोक असे आणि त्यातून ती सळई जाई. त्यामुळे कार्ड वाचता येई, पण उपटून नेता येत नसे.

मला वाचनालयात आणले तेव्हा नारायणराव ग्रंथपाल होते. वय चोवीस, अंगावर पांढरा सदरा, बोटांना कायम शाई. एका पुस्तकाची ते तीन कार्डे लिहीत. एक लेखकाच्या नावाचे, दुसरे पुस्तकाच्या नावाचे आणि तिसरे विषयाचे. लेखक आणि नाव पुस्तकावर छापलेलेच असे. विषय मात्र त्यांना ठरवावा लागे. त्यासाठी त्यांच्याकडे एक जाडजूड छापील यादी होती. फार वर्षांपूर्वी कोणीतरी केलेली आणि कुठून कुठून उतरवत आलेली ती यादी होती. नारायणराव तिच्यात बोट फिरवत, शब्द सापडला की टाक शाईत बुडवत आणि तो शब्द कार्डाच्या माथ्यावर लाल शाईने लिहीत.

काय अक्षर होते त्यांचे! पाहणीला आलेले साहेब माझा खण उघडत आणि म्हणत, “वा, मोती आहेत मोती!” शाळांच्या सहली येत तेव्हा गुरुजी मुलांना ते अक्षर दाखवत. मी फुगून जाई. माझ्यापुढे वाकल्याशिवाय कोणालाही पुस्तक मिळत नसे. वकील वाकत, डॉक्टर वाकत, शेतकीची पुस्तके शोधणारे वडनेर-नांदुऱ्याकडचे शेतकरीसुद्धा वाकत. सगळ्यांनी ते अक्षर पाहिले. त्या अक्षराने काय लिहिले आहे ते मात्र फार थोड्यांनी वाचले. मीही वाचले नव्हते. पोटात घेऊन बसले होते, एवढेच.

पुढे नारायणराव निवृत्त झाले. मग संगणक आला. माझी अकरा हजार कार्डे त्यात भरायला दोन मुली बाहेरगावाहून आल्या आणि तीन महिने बसल्या. “जसंच्या तसं उतरवा, एक काना इकडचा तिकडे करू नका,” असे त्यांना बजावले होते. त्यांनी तसेच केले. काम संपल्यावर मला वाचनकक्षाच्या कोपऱ्यात सरकवले. माझ्या डोक्यावर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आले. मला वाईट वाटले, पण एक समाधानही होते. माझे शब्द मेले नव्हते, आता ते त्या काचेच्या पडद्यावर उजळून दिसत होते.

मित्रांनो, हेच समाधान पुढे मला लाज होऊन खाणार होते.

गेल्या वर्षी, दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरची गोष्ट आहे. दुपारच्या वेळी एक मुलगी आली. तिचे नाव डिंपल पवार. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. डोंगराच्या पायथ्याशी पारध्यांचा बेडा आहे, म्हणजे त्यांची वस्ती. तिथून ती चालत फाट्यावर आणि फाट्यावरून एसटीने आली होती. तिच्या सरांनी प्रत्येकाला आपल्या समाजाची माहिती गोळा करून प्रकल्प लिहायला सांगितला होता.

आताच्या ग्रंथपाल महामायाताई इंगळे. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, “कायवर पाह्यजे पुस्तक?”

“आमच्यावरच. पारध्यांवर. हाये का ताई एखांदं?”

“पाहू ना. टाइप कर तूच. जमते ना?”

“हाव.”

तिने टाइप केले. पडद्यावर एक ओळ आली, आणि ती ओळ माझ्याकडूनच गेली होती:

पारधी. पाहा: गुन्हेगार जाती.

डिंपलने ती दोनदा वाचली. मग खालच्या नोंदी वाचल्या. महामायाताई दुसऱ्या एका वाचकाचे पुस्तक जमा करून घेत होत्या. ते झाल्यावर त्यांनी वळून पाहिले.

“ताई,” डिंपल म्हणाली, “हे असं काऊन लिवलं हाये?”

महामायाताईंनी पडदा पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. “थांब, कॉम्प्युटरची काही चूक असंन,” म्हणत त्या माझ्याकडे आल्या, गठ्ठे उतरवले आणि ‘ग’चा खण ओढला. पुंजाजींच्या मेहनतीमुळे तो जराही किरकिरला नाही. ‘गुजराती पदार्थ’ आणि ‘गुरांचे आजार’ यांच्या मधोमध ते कार्ड होते. माथ्यावर लाल शाईत, मोत्यासारख्या अक्षरात लिहिले होते: ‘गुन्हेगार जाती’.

संगणकाची काही चूक नव्हती.

डिंपल माझ्यापाशी येऊन उभी राहिली. तिने त्या लाल शब्दावर बोट ठेवले. हजारो बोटे माझ्या कार्डांवरून फिरली आहेत, पण तसे बोट कधी लागले नव्हते. एकेका अक्षरावर थांबत ते पुढे सरकले.

“माह्या बापानं आजपावेतो कोनाचा कांदा उचलला नाही,” ती म्हणाली. “तरी कुठं काही झालं का गाडी पहिले आमच्याच बेड्यावर येते. मले वाटे, पोलिसायलेच असं वाटते. पुस्तकवाल्यायलेही असंच वाटते काय?”

महामायाताईंनी खुर्ची पुढे ओढली. त्या म्हणाल्या, “बस ना जरा. पुस्तक काढून देतो तुले.”

“नको ताई. एसटी हाये माही.”

एसटीला अजून तासभर अवकाश होता. ती गेली.

तिच्या मागे महामायाताईंनी ते पुस्तक शोधून काढले. जाडजूड नव्हते, शंभरएक पानांचे होते. डोंगराकडच्या गावात नोकरी केलेल्या एका शिक्षकाने लिहिलेले. पारधी तितराचा आवाज कसा काढतात, कोणत्या गवताची दोरी पावसात सुटत नाही, विंचवावर कोणता पाला लावतात, लग्नात कोणती गाणी म्हणतात, हे सारे त्यात होते. त्या पुस्तकात गुन्ह्याचे नावसुद्धा नव्हते. मागच्या चिठ्ठीवर साठ वर्षांत वाचकांनी नेल्याच्या दोनच तारखा पडल्या होत्या. तितराच्या शोधात आलेल्याला मी कधी तिकडे पाठवले नाही, आणि पारध्यांच्या शोधात आलेल्याला मी त्याच्या नावावरून उचलून त्या लाल शब्दाखाली नेऊन उभे केले.

मुलांनो, इंग्रजांनी एक कायदा करून काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या. तान्हे मूलसुद्धा! आपला देश स्वतंत्र झाल्यावर १९५२ साली तो कायदा रद्द झाला. माझे कार्ड त्यानंतर तेरा वर्षांनी लिहिले गेले. कायदा मोडीत निघाला होता, माझ्या पोटात तो नवाकोरा होऊन बसला.

त्या आठवड्यात महामायाताई रोज वाचनालय उघडायच्या आधी तासभर येत आणि माझा एकेक खण वाचत. वही घेऊन बसत. कोणा आजारी माणसांना मी ‘वेडे’ म्हटले होते. न बोलणाऱ्या, न पाहणाऱ्या, न चालणाऱ्या सगळ्यांची एक मोट बांधून एकाच कार्डावर टाकली होती. नवऱ्याने सोडलेल्या बायकांसाठी माझ्याकडे ‘टाकलेल्या स्त्रिया’ असे शीर्षक होते. टाकणाऱ्यांसाठी कोणतेच शीर्षक नव्हते. एका कार्डापाशी आल्यावर ताईंनी वही मिटली आणि काही न लिहिता तो खण बंद केला. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

तो रविवारी कळला. वाचनालयाच्या समितीची बैठक माझ्यासमोरच, वाचनकक्षात भरली. अध्यक्ष महादेवराव सरकीचे व्यापारी. माणूस वाईट नाही. लहानपणी नारायणरावांनीच त्यांना वाचनाची गोडी लावली होती. महामायाताईंनी वहीतले शब्द वाचून दाखवले आणि ते बदलायची परवानगी मागितली.

“बाई, ते नारायणरावांचं अक्षर हाये,” महादेवराव म्हणाले. “त्या मानसानं उभा जन्म घातला इथं. त्याच्या अक्षराले आपन चूक म्हनाव? अन् साठ वर्सं कोनाले काही वाटलं नाही, आता एकदम काऊन?”

“वाटलं होतं, भाऊ,” महामायाताई म्हणाल्या. “सांगतलं नाही कोनी.”

“कोनाले वाटलं?”

ताईंनी वही मिटली. त्यांची नोकरी या समितीच्याच हातात होती.

“मले,” त्या म्हणाल्या. “सातवीत होती मी. इथं आली होती. आमच्या वस्तीत जयंती होती, मले भाषन द्याचं होतं. मी खण उघडला. आमच्या लोकायच्या पुस्तकायवर जो शब्द लिवला होता तो मी वाचला. खण बंद केला अन् घरी गेली. भाषन देल्लं नाही. आईले सांगतलं, पोट दुखते.” त्यांनी वहीवर हात ठेवला. “चार वर्सं झाली मले इथं नोकरीत. या पेटीकडं मी पाह्यतच नव्हती. ते कार्ड अजून तिथंच हाये हे माहीत होतं मले. डिंपल आली नसती तर मी निवृत्त होईपर्यंत गप्पच बसली असती.”

आणि मित्रांनो, मला ती मुलगी आठवली! निळा स्कर्ट, तेल लावून घातलेल्या दोन वेण्या. तिने खण उघडला तेव्हा घाईने उघडला आणि बंद केला तो इतका हळू, की जणू आवाज झाला तर तिलाच कोणी रागावेल. माझा खण वाजला नाही याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. तो शब्द मी इथे पुन्हा उच्चारणार नाही.

शेवटी महादेवराव म्हणाले, “नारायणरावांले इचारा. ते हो म्हनले तर माही ना नाही.”

नारायणराव आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. दोन दिवसांनी त्यांची सून बेबीताई त्यांना हात धरून घेऊन आली. वीस वर्षांनी त्यांनी मला पाहिले. त्यांनी माझ्या कडीवर हात ठेवला आणि ओळखीच्या माणसाला हाक मारावी तसे म्हणाले, “हायेस व्हय अजून?”

डिंपलही आली होती. महामायाताई ते पुस्तक घेऊन स्वतः बेड्यावर गेल्या होत्या आणि तिला घेऊन आल्या होत्या. ती दाराजवळच्या बाकावर बसली होती. पुढे यायला तयार नव्हती.

ताईंनी ‘ग’चा खण काढून नारायणरावांसमोर टेबलावर ठेवला. त्यांनी भिंग लावून ते कार्ड वाचले. प्रथम त्यांच्या चेहऱ्यावर आपले जुने अक्षर पाहिल्याचा आनंद आला. मीही अशीच आनंदत आले होते. मग भिंग पुन्हा त्या लाल शब्दावर गेले आणि तिथेच थांबले.

“यादीत होतं,” ते हळूच म्हणाले. “यादीत होतं तेच उतरवलं म्या.”

“माहीत हाये, काका,” महामायाताई म्हणाल्या.

“पुस्तक वाचलं होतं म्या हे. तितराचं हाये ना? चांगलं पुस्तक होतं. वाचून हासलो होतो.” त्यांनी भिंग खाली ठेवले. “वाचलं एक अन् लिवलं एक. लिवताना ध्यान अक्षराकडं होतं माह्यं. रफार कसा येते, वेलांटी कशी येते.”

मग त्यांनी विचारले, “कोन पोरगी वाचून गेली होती?”

डिंपल उठून पुढे आली. नारायणरावांनी तिच्याकडे पाहिले आणि सळईची मूठ फिरवायला सुरुवात केली. सळई निघाली. त्यांनी ते कार्ड बाहेर काढले आणि दोन्ही हातांनी फाडायला धरले.

“फाडू नका!” डिंपल ओरडली. वाचनकक्षातली माणसे वळून पाहू लागली. “फाडू नका, आजोबा. फाडलं तर उद्या लोक म्हनतीन असं काही नव्हतंच, पोरगी खोटं बोलली.”

नारायणरावांचे हात थांबले. “मंग काय करू मी?” ते म्हणाले. “मले माफ कर, माय.”

ती माफ केले म्हणाली असती तर मला सुटल्यासारखे झाले असते. ती म्हणाली, “तुमी म्हातारे मानूस. तुमच्या पाया पडाव का तुमच्यावर रागवाव, मले समजून नाही राह्यलं.”

“रागव,” नारायणराव म्हणाले. “तेच बरं.”

बेबीताईने पदराने डोळे पुसले. मला तर पदरही नव्हता.

मग प्रश्न आला की त्या जागी काय लिहायचे? महामायाताईंनी एक शब्द सुचवला, ‘विमुक्त जमाती’. सरकारी कागदांत तोच असतो. डिंपल म्हणाली, मी बेड्यावर विचारून येते. चार दिवसांनी ती आली आणि तिची आजी गोजरबाई काय म्हणाली ते तिने सांगितले.

“आजी म्हने, विमुक्त म्हंजे काय? मी सांगतलं, सोडून देल्लेले. तर म्हने, कोनं सोडलं? आमी काय कोनाच्या दावनीची गाय होतो? म्हने, आमचं नाव आमाले हाये. तेच लिवा. त्याच्या मांगं काही लावू नका अन् पुढंही काही लावू नका.”

महामायाताईंनी संगणकात तसेच लिहिले: पारधी. एवढेच. आता कोणी जुना शब्द शोधलाच, तर संगणक त्याला या नावाकडे आणून सोडतो आणि खाली सांगतो, की जुने शीर्षक चुकीचे होते, ते या वाचनालयाने स्वतःच दिलेले होते आणि आता वापरात नाही. ‘स्वतःच’ हा शब्द घालायला महादेवरावांनी सांगितले.

ते पुस्तक बेड्यावर महिनाभर होते. डिंपल संध्याकाळी वाचून दाखवी आणि माणसे चुका काढत. “तितराचा फास असा बसत नाही, मास्तरनं नुसतं दुरून पाह्यलं असंन,” असे गोजरबाईंनी ठणकावून सांगितले. त्या चुकांची यादी डिंपलच्या प्रकल्पाचे शेवटचे प्रकरण झाली. तिला किती गुण मिळाले ते मला माहीत नाही. ती आता दर शनिवारी येते आणि महामायाताईंबरोबर माझे खण वाचते. कधीकधी दृष्टी नसलेले एक गृहस्थ येऊन बसतात आणि त्या दोघी त्यांना शब्द वाचून दाखवतात. ते एकदा म्हणाले, “मले आंधळा म्हना, चालते. पन सगळ्यायची मोट बांधून एका ओळीत नका टाकू. मी मी हावो.” ताईंनी ते वहीत लिहून घेतले.

ते लाल शाईचे कार्ड माझ्यातच आहे. त्याच्यापुढे एक पांढरी चिठ्ठी लावली आहे, तिच्यावर त्याची सारी हकिकत आहे. ते काढून टाकले असते तर मला हलके वाटले असते. पण हलके वाटावे असे मी काय केले आहे?

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्याही वर्गात, गल्लीत, घरात असे शब्द असतील. कोणाच्या रंगावरून, कोणाच्या जातीवरून, कोणाच्या चालण्यावरून पडलेले. तुम्ही ते केले नसतील, यादीतून आले असतील. तरी उच्चारण्याआधी एकदा वाचून पाहा. आणि एखादा आवाज न करता खण बंद करून घरी निघाला, तर त्याला हाक मारा. मला ती मारता आली नाही.

माझे पंधरा खण वाचून झाले आहेत. अजून नऊ राहिले आहेत. त्यांत काय लिहिले आहे ते आता मला माहीत आहे.